न्हाय करत, जा

प्लेगच्या झोपड्यांचा विषय निघाला की मला हसू येतं आणि घरातली पोरं एकमेकांकडं बघतात. माणसं पटापट मरत होती आणि ही म्हातारी म्हणते ते दिवस चांगले होते. पण होतेच, त्याला मी काय करू? लग्न होऊन निपाणीजवळच्या त्या गावात आले तेव्हा घराला भिंती होत्या आणि भिंतींच्या आत सासूबाईंचं राज्य होतं. माळावरच्या झोपडीला भिंतीच नव्हत्या. बाजूला कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा, वर पाचट, आणि समोर उघड्यावर चूल. दिवसाढवळ्या आमच्या ह्यांच्याशी चार शब्द बोलले तरी कुणाच्या भुवया वर जात नव्हत्या, कारण शेजारच्या झोपडीतही तेच चाललेलं असायचं.

घरात उंदीर पडला की गाव उठायचं. तो काळच तसा होता. दसऱ्याच्या मागं-पुढं कुणाच्या तरी कणगीखाली मेलेला उंदीर सापडायचा आणि संध्याकाळपर्यंत भांडीकुंडी, जोंधळ्याची पोती, जातं, पाळणा, सगळं गाडीत चढायचं. तंबाखूच्या रानांच्या वर माळ होता, तिथं ओळीनं झोपड्या पडायच्या. थंडीत पहाटे खालून हिरव्या तंबाखूचा उग्र वास यायचा. तो वास कुठं आला तर आजही मला पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावंसं वाटतं.

सकाळी उठल्यावर पहिलं काम एकच. प्रत्येकानं आडोशाला जाऊन काखेत आणि जांघेत चाचपून बघायचं. प्लेगची गाठ तिथंच येते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. बायका चुलीपाशी भेटल्या की 'जेवलीस का' विचारायच्या आधी 'बघितलंस का' विचारायच्या, आणि 'बघितलं, काय न्हाय' म्हटलं की दिवस सुरू व्हायचा.

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती उंच, काटक, आणि आवाज असा की त्यांनी माळावरून हाक मारली तर कोगनोळीच्या वाटेवरचा गाडीवान बैल थांबवून बघायचा. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. तंबाखू, गुरं, घर, लेक आणि सून असा सगळा कारभार आत्ती एकहाती ओढत होत्या. मीही काही गरीब गाय नव्हते. माहेरी मला फटकळ म्हणायचे. आमची रोज वाजायची; मीठ जास्त, मीठ कमी, एवढंही कारण पुरायचं.

फक्त एका गोष्टीवर मी कधी तोंड उघडलं नाही, ती म्हणजे माझ्या मुलीची अंघोळ. मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. आत्ती पाय पसरून दगडावर बसायच्या, तिला नडग्यांवर पालथी घालायच्या, तेल चोळायच्या आणि तांब्यानं ऊन पाणी सोडायच्या. पोरगी डोळे मिटून पडून राहायची. मी न्हाऊ घातलं तर तीच पोरगी माळ डोक्यावर घ्यायची. जगाला धाकात ठेवणारे ते हात पोरीच्या पाठीवर कसे मऊ होतात हे मी रोज बघायचे आणि भांडण उद्यावर ढकलायचे.

त्या वर्षी माळावर येऊन थोडेच दिवस झाले होते. एके दिवशी आत्तींनी जोंधळ्याचं पोतं एकटीनं गाडीतून ओढून उतरवलं होतं. कुणाची वाट बघायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आडोशाला गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या त्या झोपडीपासून लांबच उभ्या राहिल्या.

"पोरीला घिऊन मागं सर," त्या म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"गाठ हाय. मागं सर म्हंते न्हवं!"

माळाचा नियम होता. ज्याला गाठ आली त्यानं आपल्या पायानं ओढ्यापलीकडं जायचं. तिकडं एक झोपडी कायम बांधून ठेवलेली असायची. ओढ्याच्या मधोमध एक सपाट धोंडा होता; घरच्यांनी त्यावर भाकरी आणि पाणी ठेवून मागं फिरायचं, मग पलीकडच्यानं येऊन उचलायचं. तिकडं गेलेले बहुतेक परत आले नाहीत. आत्तींनी कमरेच्या किल्ल्या चुलीपाशी टाकल्या, "माझं शहापुरी लुगडं पेटीत तळाला हाय, ते तू नेस," असं मला सांगितलं, आणि कुणी काही बोलायच्या आत ओढा ओलांडूनही गेल्या.

दिवसभर पलीकडून त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता. मध्ये थोडं बरं वाटलं की त्या दारात येऊन ओरडायच्या, "अगं, मान धर तिची! मान! पाणी नाकात जाईल!" मी इकडं दगडावर बसून रडणाऱ्या पोरीला न्हाऊ घालत होते आणि स्वतःही रडत होते. आमचे हे ओढ्याच्या काठावर नुसते येरझाऱ्या घालत होते.

संध्याकाळी आत्ती बाभळीच्या खोडाला धरून काठावर उभ्या राहिल्या. पोटात कळ आली की वाकायच्या, पुन्हा ताठ व्हायच्या. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "मी अन्नपाणी सोडलं."

आम्ही जैन. देह आता राहत नाही असं दिसलं की खाणंपिणं टप्प्याटप्प्यानं सोडून शांतपणे जायचं, असं व्रत आमच्यात आहे. त्याला सल्लेखना म्हणतात. आत्तींना टप्प्यांना सवड नव्हती, त्यांनी सगळं एकदम सोडलं. पण व्रत घेण्याआधी एक करावं लागतं. सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची. मनात कुणाचं काही ठेवून जायचं नाही.

त्या एकेकाला हाक मारू लागल्या. पहिल्यांदा लेकाला. ह्यांनी रडत हात जोडले. मग शेजारणीला, जिच्याशी बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. तीही म्हणाली, "माफ केलं गं बाई, तूबी मला कर." माळावरची सगळी माणसं जमली होती. शेवटी माझा नंबर आला.

"पोरी, लई बोलले तुला. माफ कर."

मला काय झालं कुणास ठाऊक. दुःख होतं, पण त्याच्यावर राग चढून बसला होता. एवढ्या घाईनं निघाली कुठं ही बाई? मी ओरडले, "न्हाय करत, जा! पोरीला कोण न्हाऊ घालायचं? आधी परत या, मग बघू माफीचं!"

लोकांनी तोंडाला पदर लावले. मरणाऱ्या माणसाला असं बोलतात का, म्हणून एका म्हाताऱ्यानं मला झापलंसुद्धा.  आत्ती बाभळीचं खोड सोडून वाकत वाकत झोपडीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेगची लस टोचायला सरकारी डॉक्टर माळावर आले. तरुण होते, धारवाडकडचे असावेत. मराठी बोलायचे पण मधूनच कानडीत घसरायचे. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला गाठ आहे का? गाठीचा माणूस सापडला की सरकार सगळ्यांनाच छावणीत नेऊन कोंडतं, ही भीती प्रत्येकाच्या पोटात होती, म्हणून माळावर कुणीच कधी हो म्हणत नसे.

"हाय," मी म्हणाले. "वड्यापल्याड. माझी सासू हाय."

माझ्यावर वळलेल्या त्या नजरा मी विसरले नाही. डॉक्टर मात्र बूट न काढता पाण्यात उतरले. पलीकडून आत्तींचा आवाज आला, "हिकडं यायचं न्हाय! मागं फिर, लेकरा, मरशील!" ते गेलेच. त्यांनी कपाळावर हात ठेवला, मनगट धरलं, आणि स्वतःशीच म्हणाले, "ज्वर इल्ल." ताप नाही. प्लेगची गाठ आणि अंग गार? त्यांनी पुन्हा कपाळाला हात लावून बघितलं.

गाठ दाखवायला मात्र आत्ती तयार होईनात. परका पुरुष आणि जागा तसली. डॉक्टरांनी काठावर बघून विचारलं, घरातली बाई कोण आहे? मी मुलीला त्या शेजारणीच्या हातात दिलं आणि पाण्यात पाय टाकला. मागून ह्यांनी हाक मारली. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा पाय उचलला नसता.

"मला शिवू नगंस!" आत्ती ओरडल्या. "अंगावरची पोर हाय तुझी!"

मी शिवले. डॉक्टर पाठ करून उभे राहिले आणि विचारत गेले, मी सांगत गेले. गाठ सुपारीएवढी, टणक. हात लावला की आत्ती कळवळतात. पोट फुगलंय. कालपासून ओकाऱ्या, पण पोट साफ झालेलं नाही. मग मी लुगडं नीट सावरून धरलं आणि डॉक्टरांनी स्वतः एकदा बघितलं.

"हा प्लेग नव्हे," ते म्हणाले. "आतडं बाहेर येऊन अडकलंय. आजच कापून सोडवायला हवं. उद्या कापून उपयोग नाही."

आत्ती म्हणाल्या, "मी समदं सोडलंय. आता कापून काय करायचं?" तेव्हा आमच्या ह्यांनी, जे आईला विचारल्याशिवाय बैलाला वैरण टाकत नसत, ओढा ओलांडला, आईला उचललं आणि गाडीत घातलं. आयुष्यात त्यांनी आईचं ऐकलं नाही असा तो एकच प्रसंग.

निपाणी गावही तेव्हा अर्धं ओस पडलं होतं. दवाखाना गावाबाहेरच्या एका तंबाखूच्या वखारीत हलवला होता. तंबाखू बाहेर काढली होती, पण तिची धूळ भिंतीत मुरलेली. आत शिरलेला प्रत्येक माणूस आधी शिंकायचा. कंपाउंडर शिंकला की डॉक्टर त्याच्यावर कानडीत खेकसायचे, आणि खेकसता खेकसता स्वतःच शिंकायचे. एवढ्या भीतीतही मला हसू आलं. उकळलेल्या पाण्याच्या वाफा, औषधाचा वास आणि खाली तंबाखूचा तो ओळखीचा दर्प, असं सगळं एकत्र झालं होतं.

मी जवळ असल्याशिवाय लुगड्याला हात लावू देणार नाही असं आत्तींनी बजावल्यामुळं मला आत घेतलं. मी डोक्याशी उभी. नाकावर औषधाचा कपडा धरला तेव्हा आत्ती णमोकार मंत्र म्हणत होत्या. शब्द जड होत होत मध्येच थांबले आणि पुढचे मी म्हटले. बघू नको असं मला सांगितलं होतं, पण मी बघितलं. सोडवलेलं आतडं पिकल्या जांभळाच्या रंगाचं होतं. डॉक्टरांनी त्यावर ऊन पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं आणि हात बाजूला धरून उभे राहिले. फडकं बदललं, पुन्हा उभे राहिले. वखारीत कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग कडेनं रंग थोडा उजळला, आणखी थोडा, आणि डॉक्टरांनी सोडलेला श्वास मला पलीकडून ऐकू आला.

टाके घालून झाल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते रागावले. "कापून झालं की माणूस वाचला असं वाटतं तुम्हाला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तिडीक होती, आणि त्याचं कारणही होतं. थोड्या दिवसांपूर्वी हात चिरडलेला एक गाडीवान त्यांनी असाच वाचवला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस गाठीनं गेला म्हणताच गाडीवानाच्या घरच्यांनी त्याला उचलून नेलं, जखम तशीच धुळीत उघडी, आणि तो गेला. डॉक्टरांनी मला खडसावून सांगितलं, "उद्यापर्यंत काही द्यायचं नाही. उद्या चमच्यानं पाणी, मग पेज. पाणी पोटात राहिलं तर जगेल. आणि इथून हलवायचं नाही."

दुसरा दिवस उजाडला. आत्ती शुद्धीवर होत्या, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मी पाणी उकळलं, आमच्या रीतीप्रमाणं फडक्यानं गाळलं, निववलं आणि चमचा ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"सोडलंय मी. घेतलेलं व्रत मोडायचं नसतं."

डॉक्टरांनी समजावलं, मग आवाज चढवला. ह्यांनी पाय धरले. आत्तींनी डोळे मिटून घेतले. कोंडलेलं आतडं सुटलं, सुरीतून बाई वाचली, आणि आता चमचाभर पाण्यावाचून जाणार! दुपारी हे बस्तीतल्या, म्हणजे आमच्या मंदिरातल्या, उपाध्यांना गाडीत घालून घेऊन आले. भले गृहस्थ होते, पण व्रत मोड असं कसं सांगायचं म्हणून तेही घुटमळले. ऊन दारातून आत सरकत खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. दिवस बुडाल्यावर आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. म्हणजे आत्तींचं मन वळलं तरी ते अंधाराच्या आत वळायला हवं होतं. त्या रात्र काढतील असं डॉक्टरांच्या तोंडाकडं बघून वाटत नव्हतं.

उपाध्यांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "व्रत रीतसर घेतलं न्हवं? सगळ्यांची क्षमा मागितली?"

"मागितली," आत्ती पुटपुटल्या.

"सगळ्यांनी दिली?"

ह्यांनी मान हलवली. आणि मी म्हणाले, "मी न्हाय दिली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आत्तींनी डोळे उघडले.

"माळावर सगळ्यांच्या म्होरं सांगितलंय मी," मी म्हणाले. "न्हाय करत म्हटलंय. मग व्रत लागलं कसं?"

"आता कर की," आत्ती म्हणाल्या.

"न्हाय करत, जा."

उपाध्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा दारातल्या उन्हाकडं बघितलं. शास्त्रात याबद्दल नेमकं काय आहे ते मला आजही ठाऊक नाही, आणि त्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं असं मला वाटत नाही. पण ते घसा साफ करून ठाम आवाजात म्हणाले, "मग बाई, तुमचं व्रत लागलंच न्हाय. पाणी घ्या."

आत्ती माझ्याकडं एवढ्या रागानं बघत होत्या की मला बरं वाटलं. तसा राग मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत नसतो. मी चमचा पुढं केला. ऊन खाटेवरून सरकत होतं. त्यांनी तोंड उघडलं. पहिला चमचा गेला, आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत राहिलो. पाणी राहिलं. दुसरा गेला. दिवस बुडाला तेव्हा वाटीत तळाला थोडंच उरलं होतं आणि मी वखारीच्या मागं जाऊन ढसाढसा रडले.

आत्ती माळावर परतल्या तेव्हा थंडी ओसरत आली होती आणि खाली रानात तंबाखू पिवळी पडायला लागली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "माझं शहापुरी लुगडं नेसलीस का गं?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आण हिकडं." त्यांना वाकायला मनाई होती, म्हणून मी पोरीला त्यांच्या नडग्यांवर ठेवलं आणि पाणी ओतलं. पोरगी डोळे मिटून पडून राहिली. असलं सुख पुन्हा कुठल्या घरात मला मिळालं नाही. म्हणून मी म्हणते, ते दिवस चांगले होते.

नंतर प्लेग येईनासा झाला. माळावरच्या झोपड्या गेल्या, आम्ही पुन्हा भिंतींच्या आत आलो आणि मिठावरून वाजायला लागलं. पण भाद्रपदात उपासांचं पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. दरवर्षी आत्ती सगळ्यांत शेवटी माझ्यापाशी यायच्या, हात जोडायच्या आणि मिस्कील तोंड करून म्हणायच्या, "माफ कर गं बाई."

"न्हाय करत, जा," मी म्हणायचे.

"बरं," त्या म्हणायच्या, "म्हंजे अजून एक वरीस राहायला पायजे." आणि जेवायला बसायच्या. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तिला मुलं झाली. त्यांनाही आत्तींनी नडग्यांवर घेतलं. आमची ही थट्टा घरात सगळ्यांना पाठ होती.

स्वातंत्र्य यायच्या थोडं आधी आत्ती खऱ्याच थकल्या. दुखणं काही नव्हतं, दिव्यातलं तेल संपत आलं होतं. आधी भाकरी सोडली, मग पेज, मग ताक. यावेळी घाई नव्हती. सगळे येऊन गेले. मी उंबऱ्यापाशी रेंगाळत होते. त्यांनी बोट हलवून मला जवळ बोलावलं.

"आता कर," त्या म्हणाल्या.

मला ते म्हणता येईना. एवढ्या वर्षांची सवय. माझा हात त्यांनी धरला, पोरीच्या पाठीवर फिरायचा तसा त्यांचा हात मऊ होता. मी म्हटलं, "केलं, आत्ती." मग रीतीप्रमाणं मीही हात जोडले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, एवढ्या वर्षांत मी त्यांची क्षमा कधी मागितलीच नव्हती.

"तुमीबी मला माफ करा."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. सुकलेल्या ओठांच्या कडेला तेच क्षमावाणीच्या दिवशीचं हसू आलं.

"न्हाय करत, जा," त्या म्हणाल्या.

उपाध्ये जवळच बसले होते, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मला वाटलं, थोड्या वेळानं नीट म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. डोळे मिटून णमोकार म्हणायला लागल्या आणि पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता माझंही वय झालंय. जेवण जात नाही, गुडघे धरतात. सुना व्रताचं काहीतरी कुजबुजतात, मुलगी येऊन बसते आणि विचारते, "आई, काय मनात हाय तुझ्या?" मी तिला सांगते, अजून वेळ आहे. ज्या बाईनं मला माफ करायला हवं होतं, तिनं केलेलं नाही.